बर्फावरून वाट काढणारा मेकॅनिक

होटगीत बर्फ दिसतो तो उन्हाळ्यात गोळेवाल्याच्या गाडीवर, नाही तर मासळीच्या खोक्यात. मे महिन्यात पारा ४२ अंशांपुढे जाणाऱ्या या भागात बर्फावरून चालणाऱ्या घरगुती मोटारगाडीची गोष्ट सांगायची, म्हणजे कोरड्या ओढ्यात नाव सोडण्यासारखे वाटेल. पण चाक रुतणे म्हणजे काय, हे इथल्या माणसाला कोणी शिकवायला नको. सप्टेंबरात काळ्या रानात दोन मोठे पाऊस झाले की दुचाकीच्या मडगार्डमध्ये चिखल गच्च भरतो, इंजिन ओरडत राहते आणि गाडी जागची हलत नाही. अशा दिवशी वस्तीवरच्या आजारी माणसाला डांबरी रस्त्यापर्यंत आणायचे, तर बाज आणि चार खांदे हाच उपाय असे. होटगीपासून सोलापूरचे सरकारी रुग्णालय पंधरा-एक किलोमीटरवर. तरी त्या दिवशी वस्तीपासून डांबरापर्यंतचा पहिला अर्धा किलोमीटरच सगळ्यांत लांब ठरतो.

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात शंभर वर्षांपूर्वी हेच दुखणे वर्षातले चार-पाच महिने असायचे. फक्त चिखलाच्या जागी बर्फ. त्यावर आयुष्यभर डोके लढवणाऱ्या एका गॅरेजवाल्याचे नाव मुंबईच्या लोकलमधून फिरलेल्यांनी ऐकलेले असेल. २०१५ मध्ये मुंबईत धावू लागलेल्या पांढऱ्या-जांभळ्या लोकलना प्रवासी ‘बम्बार्डियर’ म्हणू लागले, कारण त्यांची विद्युत यंत्रणा त्या नावाच्या कॅनडियन कंपनीची होती. ही कंपनी रेल्वेच्या धंद्यात आणि विमानांच्या धंद्यात नंतर आली. तिचा जन्म झाला तो बर्फात अडकलेल्या खेड्यात. संस्थापकाचे नाव जोसेफ-आर्मां बोम्बार्दिये. हा त्याचा मूळ फ्रेंच उच्चार.

१६ एप्रिल १९०७ रोजी वालकूर या लहानशा गावात त्यांचा जन्म झाला. आठ भावंडांत ते थोरले. वडील आल्फ्रेड शेती आणि दुकान सांभाळत. थोरला मुलगा धर्मगुरू व्हावा अशी घरच्यांची इच्छा होती, पण मुलाचे लक्ष सतत चाकांत आणि दात्यांत. मोडक्या घड्याळांतली यंत्रे काढून तो खेळण्यातले ट्रॅक्टर आणि आगगाडीची इंजिने बनवायचा. शिवणयंत्राचे भाग वापरून त्याने छोटे वाफेचे इंजिन तयार केले आणि ते आपल्या एका नातेवाईक बाईंच्या सूत कातायच्या चरख्याला जोडून दिले. चरखा वाफेवर फिरू लागला तेव्हा त्या बाईंची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करता येते.

घरातली मोटार हा पोरगा उघडून ठेवील, या धास्तीने वडिलांनी त्याला एक जुनी, दुरुस्तीपलीकडे गेलेली फोर्ड मॉडेल टी देऊन टाकली. त्यांना वाटले, हिवाळाभर पोरगा गप्प बसेल. पोराने इंजिन दुरुस्त केले आणि ते घोड्याच्या घसरगाडीवर बसवले. दोन घसरगाड्या एकामागे एक जोडल्या, इंजिनाच्या दांड्याला लाकडी पंखा लावला आणि ३१ डिसेंबर १९२२ या दिवशी, पंधराव्या वर्षी, ही वस्तू गावच्या रस्त्यावर आणली. पुढे बसून दिशा सांभाळायला धाकटा भाऊ लिओपोल्ड, मागे इंजिनाजवळ आर्मां. पंखा हवा मागे फेकत होता आणि गाडी बर्फावरून पुढे जात होती. सुमारे एक किलोमीटर ती चालली. कुत्री भुंकली, माणसे बाजूला पळाली, आणि ते उघडे फिरणारे पाते पाहून वडिलांनी गाडी ताबडतोब मोडायला लावली.

वडिलांचा हुकूम बरोबरच होता. उघड्या पंख्याजवळ एखादे पोर धावले असते तर ही कथा वेगळीच झाली असती. शिवाय पंख्याच्या गाडीला मऊ, खोल बर्फात आणि चढावर पुरेसा जोर मिळत नाही. मोकळ्या, सपाट जागीच ती बरी चालते. पण एक गोष्ट त्या मुलाला त्याच दिवशी दिसली होती. बर्फावर इंजिनाने जाता येते.

तिकडचा हिवाळा कसा असतो, हे थोडे समजून घ्यायला हवे. तापमान शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरते आणि रस्त्यावर माणसाच्या कमरेइतका बर्फ साचतो. त्या काळात खेड्यांतले रस्ते हिवाळ्यात मोकळे करण्याची पद्धत नव्हती. मोटारी असलेली माणसेसुद्धा हिवाळा लागला की गाडी ठोकळ्यांवर चढवून ठेवत आणि वसंतापर्यंत घोड्याच्या घसरगाडीवर भागवत. डॉक्टर, टपाल, पाद्री, शाळा, सगळे घोड्याच्या चालीने. वादळ असेल तर घोडाही नाही.

धर्मगुरूंच्या शाळेत काही काळ काढल्यावर घरचे नमले आणि आर्मांला गॅरेजात उमेदवारी करायला मिळाली. पुढे मॉन्ट्रियलमध्ये दिवसा मेकॅनिकचे काम आणि संध्याकाळी यंत्र व विजेच्या वर्गांना हजेरी. १९२६ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, त्यांनी वालकूरला स्वतःचे गॅरेज उघडले. भांडवल वडिलांनी कर्जाऊ दिले होते; ते त्यांनी काही वर्षांतच फेडले. गॅरेजला वीज हवी म्हणून जवळच्या ओढ्यावर छोटा बांध घालून टर्बाइन बसवले. लागणारे हत्यार बाजारात मिळाले नाही तर ते स्वतः घडवायचे, हा त्यांचा स्वभाव. उन्हाळ्यात दुरुस्तीची कामे तुडुंब असत. हिवाळ्यात मोटारीच बंद असल्याने गॅरेज रिकामे, आणि मालक मोकळा. बर्फावरच्या गाडीचे सगळे प्रयोग या रिकाम्या हिवाळ्यांतले आहेत.

या खटपटीत ते एकटे नव्हते. रशियाच्या झारच्या मोटारी सांभाळणाऱ्या आडोल्फ केग्रेस या फ्रेंच तंत्रज्ञाने गाडीच्या मागच्या चाकांऐवजी पट्टे बसवले होते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये कार्ल एलियासन या दुकानदाराने १९२४ मध्ये एका लांब लाकडी घसरगाडीला नावेचे छोटे इंजिन, सायकलीचे आणि फोर्डचे सुटे भाग जोडून एका माणसापुरती बर्फाची मोटारगाडी केली. १९२७ मध्ये तिचे पेटंट मिळाले. तिचे कारणही आरोग्याचेच होते. एलियासन यांचा पाय अधू होता आणि बर्फावर चालणाऱ्या मित्रांबरोबर शिकारीला जाताना ते मागे पडत. घरच्या शेडमध्ये बनलेल्या मोटारस्लेजचा विषय निघाला की एलियासन यांना विसरून चालणार नाही. बोम्बार्दिये यांचे काम त्यांच्यापुढे एक पाऊल गेले, ते कसे हे पाहण्याआधी बर्फाकडे जरा नीट बघू.

मराठीत आपण गोळ्याचा बर्फ आणि आकाशातून पडलेला हिम या दोन्हींना बर्फच म्हणतो, पण दोन्हींचा स्वभाव अगदी वेगळा. ताज्या हिमात नव्वद टक्क्यांच्या आसपास हवा असते. पिंजलेल्या कापसाचा ढीग डोळ्यांसमोर आणा. त्यावर पाय ठेवला की पाय आत जातो, पण फळी टाकून वर उभे राहिले तर तितके बुडायला होत नाही. वजन तेच असते. ते किती जागेवर वाटले गेले, एवढाच फरक.

साधा हिशेब करू. साठ किलोचा माणूस दोन्ही पायांवर उभा राहिला तर तळव्यांची जागा धरा ४०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर दीडशे ग्रॅम भार. हजार किलोची मोटार चार टायरांवर उभी असते आणि प्रत्येक टायर जमिनीला जेमतेम तळहाताएवढ्या जागेत टेकतो. तिथे हाच भार दीड किलोच्याही पुढे जातो. दुचाकीचे टायर तर आणखी अरुंद. ते बर्फात सुरीसारखे उतरते. आता सव्वादोनशे किलोची छोटी गाडी आणि वर एक माणूस असे तीनशे किलो धरा, आणि ते चाळीस सेंटिमीटर रुंद, एक मीटर लांब पट्ट्यावर व पुढच्या दोन स्कींवर वाटा. भार साठ-सत्तर ग्रॅमवर येतो, माणसाच्या तळव्याखालच्या भाराच्या निम्माच. माणूस जिथे गुडघ्यापर्यंत जातो तिथून ही गाडी वरच्यावर निघून जाते. भाताच्या चिखलात उतरणाऱ्या कापणी यंत्रांना रबरी पट्टे का असतात, याचेही उत्तर हेच.

म्हणूनच आज थंड देशांतले हौशी लोक आपली मोटारसायकल बर्फावर न्यायची ठरवतात तेव्हा टायरला खिळे ठोकून थांबत नाहीत. कडक, घट्ट बर्फावर खिळे चालतात. मऊ बर्फासाठी पुढचे चाक काढून तिथे एक स्की बसवावी लागते आणि मागच्या चाकाच्या जागी फिरता पट्टा.

तत्त्व इतके सोपे, मग अडचण कुठे होती? एक, त्या काळची इंजिने फार जड. दोन, फिरता पट्टा. मागचा पट्टा ज्या दातेरी चाकावर फिरतो त्याच्या दात्यांमध्ये बर्फ शिरतो, दाबला जातो, किंचित वितळतो आणि पुन्हा गोठून दगड होतो. मग पट्टा दात्यांवरून उडतो किंवा तुटतो. चेन आणि स्प्रॉकेटमध्ये चिखल सुकून बसला की काय होते, हे कुठल्याही दुचाकीवाल्याला ठाऊक आहे. तिकडे तो चिखल दर मिनिटाला दगड होत होता. बोम्बार्दिये यांचे एकामागून एक नमुने याच ठिकाणी हरत होते. प्रत्येक हिवाळ्यात नवी गाडी, प्रत्येक वसंतात तिचे सुटे भाग.

१९२९ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे इव्हॉन लाब्रेक यांच्याशी लग्न झाले. त्यांच्या एका मुलाचे नाव इव्हाँ. १९३४ च्या हिवाळ्यात, दोन वर्षांचा असताना, हा मुलगा पोटदुखीने आजारी पडला. अपेंडिक्सला सूज आली होती. ते फुटले आणि पोटभर जंतुसंसर्ग पसरला. शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय शेरब्रुक या शहरात, सुमारे ५० किलोमीटरवर. रस्ते बर्फाखाली बंद. गॅरेजात बर्फावरच्या गाडीचे नमुने होते, पण चालू स्थितीत एकही नव्हता. मूल दगावले.

दोन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा आजार इतका घातक का, हे आजच्या आईवडिलांनीही माहीत करून घ्यावे असे आहे. लहान आणि मोठे आतडे जिथे मिळतात त्या जागी करंगळीसारखी एक बंद नळी लोंबत असते, तिला आंत्रपुच्छ किंवा अपेंडिक्स म्हणतात. तिचे तोंड विष्ठेच्या खड्याने किंवा सुजेने बंद झाले की आत जंतू वाढतात, नळी फुगते, तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि दीड-दोन दिवसांत ती फुटू शकते. फुटल्यावर आतली घाण पोटाच्या अस्तरावर पसरते. मोठ्या माणसात दुखणे बेंबीपाशी सुरू होऊन उजव्या बाजूला खाली सरकते आणि डॉक्टरांना वाट दाखवते. दोन वर्षांच्या मुलाला कुठे दुखते ते सांगता येत नाही. ते रडते, उलट्या करते, ताप येतो, पाय पोटाशी घेऊन पडते. घरच्यांना वाटते अपचन झाले, दात येत आहेत, बेंबी सरकली. त्यातच पोटातल्या अवयवांवर चादरीसारखा पसरलेला जो चरबीचा पडदा मोठ्या माणसात फुटलेल्या जागेला वेढून घाण अडवतो, तो लहान मुलांत आखूड आणि पातळ असतो. त्यामुळे संसर्ग पोटभर लवकर पसरतो. आजही पाच वर्षांखालच्या मुलांत निदान होईपर्यंत अपेंडिक्स अनेकदा फुटलेले असते.

फरक पडला आहे तो पुढच्या उपचारात. १९३४ मध्ये शस्त्रक्रिया हाच एक मार्ग होता आणि ती फुटण्याआधी झाली तरच आशा. जंतुसंसर्गावर पोटातून देता येणारे सल्फा औषध जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी प्रसिद्ध केले ते १९३५ मध्ये. पेनिसिलिनचा शोध १९२८ चा असला तरी रुग्णांच्या हाती ते आले १९४० च्या दशकात. आज सोनोग्राफी आहे, प्रतिजैविके आहेत, लहान मुलांना सुरक्षित भूल देणारे तज्ज्ञ आहेत, महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका आहे. पण वेळेचे गणित बदललेले नाही. मुलाचे पोट काही तास सतत दुखत असेल, हात लावू देत नसेल, उलट्या आणि ताप असेल, तर एरंडेल किंवा जुलाबाचे औषध देऊ नये, पोट चोळू नये, बेंबी बसवणाऱ्याकडे तर मुळीच नेऊ नये. आतडी जोराने हलवणारा जुलाब सुजलेले अपेंडिक्स फुटण्याचा धोका वाढवतो. डॉक्टरांनी तपासेपर्यंत खायला काही न देता मुलाला थेट रुग्णालयात न्यावे.

मुलाच्या मृत्यूनंतर वडिलांनी बर्फाची गाडी शोधून काढली, असे अनेकदा सांगितले जाते. हे तितकेसे खरे नाही. ते बारा वर्षांपासून त्याच्याच मागे होते. मात्र १९३४ पर्यंत ती एका हुशार मेकॅनिकची हिवाळ्यातली धून होती. त्यानंतर वर्षभरात त्यांनी पट्ट्याचा प्रश्न सोडवला, हे तारखाच सांगतात.

उपाय रबरात सापडला. दातेरी चाकावर त्यांनी रबराचे आवरण चढवले. पट्टाही रबराचाच, दोन समांतर पट्टे घेऊन त्यांना ठरावीक अंतरावर लोखंडी आडव्या पट्ट्यांनी जोडलेले. रबर दबते, वाकते आणि पुन्हा सरळ होते, त्यामुळे त्याला चिकटलेला बर्फ प्रत्येक फेरीत तडकून गळतो. लोखंडावर तो बसून राहायचा. पट्टा लवचीक असल्याने खालच्या उंचसखल बर्फाला तो अंग मोडून टेकतो आणि भार सारखा वाटला जातो. १९३५ मध्ये ही जोडणी चालली. जून १९३७ मध्ये तिचे कॅनडाचे पेटंट मिळाले. पुढच्या सगळ्या गाड्या या एका दातेरी चाकावर उभ्या आहेत.

पहिली विक्रीची गाडी ‘बी ७’: बी म्हणजे बोम्बार्दिये, सात म्हणजे सात माणसे. प्लायवूडची बंद पेटी, पुढे दोन स्की, मागे पट्टे. गिऱ्हाइके कोण, तर खेड्यांतले डॉक्टर, पाद्री, हॉटेलवाले, टपाल आणि टेलिफोनची कामे करणारे. १९४१ मध्ये वालकूरला नवा कारखाना उभा राहिला, वर्षाला दोनशे गाड्या बनवता येतील असा, आणि बारा माणसांची ‘बी १२’ आली. तिला बोटीसारख्या गोल खिडक्या होत्या. शाळेची मुले, टपालाच्या थैल्या आणि स्ट्रेचरवरचे रुग्ण एकाच जातीच्या गाडीतून बर्फ ओलांडू लागले. बाळंतपण अडले तर डॉक्टर घरी पोहोचू लागला, किंवा बाई रुग्णालयात. क्वेबेकच्या जुन्या माणसांच्या आठवणीत या गोल खिडक्यांच्या गाडीला आपल्याकडच्या लाल एसटीसारखे स्थान आहे.

१९४२ मध्ये कंपनी रीतसर नोंदली गेली. तेव्हा महायुद्ध चालू होते. कच्चा माल सरकारच्या ताब्यात होता आणि बर्फाची गाडी घ्यायची तर ती खरोखर गरजेची आहे हे गिऱ्हाइकाला दाखवावे लागे. डॉक्टरला ते सोपे होते. कारखाना मुख्यतः सैन्यासाठी पट्ट्यांच्या गाड्या बनवण्यात गुंतला. युद्धानंतर नागरी मागणी वाढली आणि धंदा जोरात चालला.

मग एक विचित्र संकट आले. क्वेबेक सरकारने १९४८-४९ च्या सुमारास ग्रामीण रस्त्यांवरचा बर्फ हटवायला सुरुवात केली. रुग्णांच्या दृष्टीने याहून चांगली बातमी नव्हती. साधी रुग्णवाहिका हिवाळ्यातही दारापर्यंत येऊ लागली. पण बोम्बार्दिये यांची विक्री झपाट्याने घसरली. ज्या अडचणीने त्यांचे मूल नेले, ती अडचण सरकारी नांगराने दूर होत होती आणि त्याच वेळी कारखाना अडचणीत येत होता. त्यांनी तक्रार करत बसण्याऐवजी रस्ता नसलेल्या जागा शोधल्या: जंगल, दलदल, खाणी. १९५३ मध्ये आलेला त्यांचा ‘मस्केग’ ट्रॅक्टर दलदलीतून आणि बर्फातून सारखाच चाले. १९५७-५८ मध्ये अंटार्क्टिका आरपार ओलांडणाऱ्या व्हिव्हियन फुक्स यांच्या मोहिमेतही तो होता.

इतकी वर्षे मनात एक जुनी गोष्ट राहून गेली होती: एका-दोघांपुरती छोटी गाडी, मोटारसायकलीसारखी अंगाखाली घ्यायची. पंधराव्या वर्षी मोडावी लागलेल्या गाडीच्या आकाराची. ती आजवर जमली नव्हती, कारण हलके आणि भरवशाचे इंजिन नव्हते. १९५० च्या दशकात तशी छोटी इंजिने मिळू लागली. मोठा मुलगा जर्मां याच्या मदतीने त्यांनी जोड नसलेला, एकसंध रुंद रबरी पट्टा तयार केला आणि १९५९ मध्ये ‘स्की-डू’ बाजारात आली. पुढे दोन स्की, हातात सायकलीसारखा हँडल, मागे एकच पट्टा. तिचे नाव कुत्र्यांच्या घसरगाडीच्या जागी येणारी म्हणून ‘स्की-डॉग’ ठेवायचे होते आणि छपाईतल्या चुकीने ‘डू’ झाले, अशी कथा सांगतात.

सुरुवातीच्या गाड्यांपैकी एक त्यांनी मोरिस उइमे या ओळखीच्या मिशनऱ्याला नेऊन दिली. हे पाद्री उत्तर ऑन्टारिओतल्या लान्सडाउन हाउस या दुर्गम ठिकाणी, ओजिब्वे लोकांच्या वस्तीत काम करत. तिथे हिवाळ्यात कुत्र्यांखेरीज वाहन नव्हते. पाद्रीबुवा, शिकारी, सर्वेक्षक आणि डॉक्टर हेच आपले गिऱ्हाईक, असे बोम्बार्दिये धरून चालले होते. पहिल्या हंगामात २२५ गाड्या खपल्या. पण लवकरच शहरातले लोक त्या मौजेसाठी घेऊ लागले आणि खप हजारांत गेला. स्वतः त्यांचा या मौजेच्या बाजारावर फारसा भरवसा नव्हता.

डॉक्टरांच्या वहीत या मौजेचा दुसरा रकानाही आहे. पातळ बर्फ फुटून तळ्यात बुडणे, अंधारात कुंपणाच्या तारेवर आदळणे, दारू पिऊन वेग घेणे, यातून दर हिवाळ्यात माणसे मरतात. उत्तर युरोपात रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांनी १९६० च्या दशकात ही गाडी धरली. कळप हाकणे सोपे झाले, पण वर्षानुवर्षे गाडीच्या थरथरीने हातांच्या रक्तवाहिन्या आखडून थंडीत बोटे पांढरी आणि बधिर पडण्याचा त्रास त्यांच्यात दिसू लागला. इंजिनाच्या आवाजाने कानही गेले. शिवाय कुत्रा पेट्रोल मागत नाही, हेही खरेच.

दुसरीकडे, जिथे आजही रस्ता होऊ शकत नाही तिथे या गाडीचे पहिले काम टिकून आहे. सियाचीन हिमनदीवर भारतीय लष्कर स्नो स्कूटर वापरते. तितक्या उंचीवर एखाद्या जवानाच्या फुप्फुसांत पाणी साठू लागले, तर त्याला लवकरात लवकर खाली आणणे हाच खरा उपचार असतो. हेलिकॉप्टर उतरू शकेल अशा जागेपर्यंतचा तुकडा खोल बर्फाचा असतो आणि पायी चार-सहा जणांनी स्ट्रेचर उचलून न्यायचे तर विरळ हवेत उचलणारेच आजारी पडतात.

स्की-डूचा मोठा काळ बोम्बार्दिये यांना पाहायला मिळाला नाही. कर्करोगाने १८ फेब्रुवारी १९६४ रोजी, छप्पन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. नावावर चाळीसच्या आसपास पेटंटे होती. कंपनी आधी मुलगा जर्मां याने आणि १९६६ पासून जावई लोराँ बोदवाँ यांनी सांभाळली. १९७४ मध्ये मॉन्ट्रियलच्या भुयारी रेल्वेचे डबे बनवण्याचे काम तिला मिळाले आणि बर्फावरून ती रुळांवर आली. १९२६ चे ते गॅरेज वालकूरच्या संग्रहालयात जपून ठेवले आहे.